व्हिसापासून वाळवीपर्यंत: जपानच्या खेड्यात पडीक घर घेऊन राहायला जाताना

जपानमध्ये दर पाच वर्षांनी घरांची पाहणी होते. २०२३ च्या पाहणीत सुमारे ९० लाख घरं रिकामी निघाली, म्हणजे एकूण घरांच्या १३.८ टक्के. वाकायामा आणि तोकुशिमा हे प्रांत त्यात सगळ्यात वर आहेत; तिथे शंभरातली एकवीस घरं रिकामी आहेत. मुलं शिकून ओसाकाला, तोक्योला गेली, मागे राहिलेले आईवडील वारले आणि घर तसंच उभं राहिलं. पाडायचं तर खर्च मोठा. शिवाय राहतं घर उभं असेपर्यंत त्याखालच्या २०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीचं करासाठीचं मूल्य एक षष्ठांशच धरतात, त्यामुळे पाडायची कुणाला घाईही नसते. अशा घराला तिकडे अकिया म्हणतात.

या घरांचे व्हिडिओ आता आपल्याकडेही फिरतात. पाच लाख येनांत दुमजली कौलारू घर, मागे परस, पुढे भाताची खाचरं. एक लाख येन म्हणजे साधारण ५५ ते ६० हजार रुपये, म्हणजे ते घर तीन लाख रुपयांत पडलं. आकडा खोटा नसतो. पण किंमत ही सगळ्यात शेवटी बघायची गोष्ट आहे, आणि हा सगळा लेख त्यासाठीच लिहिते आहे. आधी राहण्याचा परवाना आणि पोटापाण्याची सोय, मग गाव, मग रस्ता-पाणी-छप्पर, मग कागद, आणि त्यानंतर किंमत. हा क्रम उलटा झाला की स्वस्तातलं घर फार महागात जातं.

उदाहरण म्हणून वाकायामाच धरते. ओसाकाला लागून असलेला हा डोंगराळ प्रांत. किनाऱ्यालगत आणि दक्षिणेकडे बर्फ फारसा पडत नाही, संत्र्यांच्या आणि उमे या आंबट फळाच्या बागा आहेत, आणि रिकाम्या घरांना तोटा नाही. महाराष्ट्र सरकारचा आणि वाकायामा प्रांताचा २०१३ मध्ये सहकार्याचा करार झाला आहे. याच प्रांतातल्या कोयासान विद्यापीठात २०१५ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे. तिथल्या सरकारी कचेऱ्यांत ‘महाराष्ट्र’ हे नाव अगदीच अनोळखी नाही, याचा ओळख करून घेताना उपयोग होतो.

आधी परवाना आणि पोट

घर-जमीन विकत घ्यायला जपानमध्ये नागरिकत्वाची अट नाही. परदेशी माणसालाही जमिनीसकट पूर्ण मालकी मिळते. पण मालकी मिळाली म्हणून व्हिसा मिळत नाही, एका दिवसाचाही नाही. भारतात राहून घर घेतलंत तर पर्यटक म्हणून एका वेळी फार तर ९० दिवस राहता येईल, आणि उरलेलं वर्ष घर बंद. बंद लाकडी घर पावसाळ्यात किती वेगाने कुजतं हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. वर्षातून एकदा यायचं असेल तर घर घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगते.

खरे मार्ग मोजकेच आहेत. सर्वांत भरवशाचा म्हणजे जपानी कंपनीतली नोकरी आणि घरून काम करण्याची लेखी मुभा. तोंडी मुभेवर घर घेऊ नका. साहेब बदलला की मुभाही बदलते आणि तुमचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो.

दुसरा मार्ग फारसा कुणाला माहीत नसतो. २००९ पासून ‘चिइकी ओकोशी क्योर्योकुताई’ नावाची सरकारी योजना चालू आहे. ओस पडत चाललेल्या गावांच्या नगरपालिका बाहेरच्या माणसाला एक ते तीन वर्षांसाठी नेमतात, मानधन देतात, अनेकदा राहायची सोयही करतात. काम पर्यटनाचं, शेतमालाच्या विक्रीचं किंवा रिकाम्या घरांचंच असू शकतं. परदेशी लोकही यात घेतले जातात. त्यासाठी जपानी नीट बोलता-वाचता आलं पाहिजे आणि व्हिसाचा प्रकार कामाशी जुळला पाहिजे. गाव आतून समजून घ्यायला याहून चांगली वाट माझ्या माहितीत नाही.

तिसरा मार्ग शेती, रुग्णसेवा अशा क्षेत्रांतल्या ‘विशिष्ट कौशल्य’ व्हिसाचा. त्यासाठी भारत आणि जपानमध्ये जानेवारी २०२१ मध्ये करार झाला.

राहिला धंद्याचा व्हिसा. अकिया घेऊन होमस्टे काढायचा आणि त्यावर व्हिसा मिळवायचा, ही कल्पना आता जवळजवळ संपली आहे. १६ ऑक्टोबर २०२५ पासून या व्हिसासाठी लागणारं भांडवल ५० लाखांवरून ३ कोटी येनांवर गेलं आणि किमान एक पूर्णवेळ कर्मचारी ठेवण्याची अटही आली.

नवरा किंवा बायको अवलंबित व्हिसावर असेल तर परवानगी काढून आठवड्याला २८ तासच काम करता येतं, हे घरखर्चाच्या हिशोबात धरा. कायम निवासाचा परवाना साधारण दहा वर्षांनी मिळतो. शिक्षण, अनुभव, पगार, वय यांवर गुण देणाऱ्या उच्च-कौशल्य गुणपद्धतीत ७० गुण असतील तर तीन वर्षांनी, ८० असतील तर एका वर्षाने. तो हातात पडेपर्यंत भाड्याने राहून गाव बघत बसणं हा वेळ वाया घालवणं नाही.

गाव बघा, घर नंतर

वाकायामा ज्या ‘की’ नावाच्या द्वीपकल्पावर आहे त्याचा हा भाग देखणा आहे आणि धोक्याचाही आहे. समुद्रात नानकाई दरी आहे. तिथे मोठा भूकंप झाला तर कुशिमोतोसारख्या दक्षिण टोकाच्या गावांत त्सुनामी काही मिनिटांत पोचेल असा सरकारी अंदाज आहे. याच प्रांतातल्या हिरोगावा गावात १८५४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा हामागुची गोर्यो यांनी भाताच्या पेंढ्यांना आग लावून अंधारात सापडलेल्या लोकांना उंचावरची वाट दाखवली आणि नंतर स्वतःच्या पैशाने किनाऱ्यावर बांध घातला. तो बांध आजही उभा आहे. ५ नोव्हेंबरचा जागतिक त्सुनामी जागृती दिन याच घटनेवरून ठरला. किनाऱ्यालगतचं घर बघायला गेलात तर आधी उंचावरच्या आसऱ्यापर्यंत चालत जाऊन या, आणि तीच वाट रात्रीही चालून बघा.

डोंगराकडे गेलात तर पाऊस आहे. शेजारच्या मिए प्रांतातल्या ओवासे गावात वर्षाला सरासरी ४,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सप्टेंबर २०११ च्या तुफानात नाची नदीच्या खोऱ्यात पूर आला, दरडी कोसळल्या, माणसं गेली. सरकारचा ‘कासानेरु हाझार्ड मॅप’ फुकट बघता येतो. पत्ता टाकला की पूर, दरड, त्सुनामी यांचे रंग नकाशावर एकावर एक दिसतात. दरडीच्या पिवळ्या पट्ट्यात इथल्या दऱ्याखोऱ्यांतली बरीच घरं येतात, तेवढ्यावरून घर बाद करू नका. मागच्या उताराची तपासणी मात्र करा. लाल, म्हणजे जास्त धोक्याच्या पट्ट्यातलं घर मी फुकट मिळालं तरी घेणार नाही.

मग रोजच्या गोष्टी. दवाखाना, किराणा, पेट्रोलपंप आणि शाळा किती अंतरावर आहेत हे गाडीने जाऊन बघा. शाळेत जाऊन पट विचारा. अनेक गावांत शाळा एकमेकींत विलीन होत आहेत आणि आजची शाळा तुमचं मूल चौथीत जाईपर्यंत चालू राहीलच असं नाही. गाडीशिवाय इथे चालत नाही. भारतीय परवाना जपानी करून घेताना ऑक्टोबर २०२५ पासून लेखी परीक्षेत ५० पैकी ४५ उत्तरं बरोबर यावी लागतात आणि नंतर गाडी चालवूनही दाखवावी लागते. हे काम गावाला जाण्यापूर्वी उरकून घ्या.

बऱ्याच नगरपालिकांकडे ‘ओतामेशी’ घरं असतात, म्हणजे गाव चाखून बघण्यासाठी काही दिवस ते काही महिने स्वस्त भाड्याने मिळणारी. एकदा जूनच्या झडीत आणि एकदा जानेवारीत राहून या. एप्रिलमध्ये चेरी फुललेली असताना कुठलंही गाव आवडतं.

घर शोधायचं कुठे

‘अकिया बँक’ ही नावापुरती बँक. ती म्हणजे नगरपालिकेने ठेवलेली रिकाम्या घरांची यादी. वाकायामा प्रांताची आहे, गावोगावच्याही आहेत. नाव नोंदवताना तुम्ही कोण, घरात किती माणसं, काम काय, गावात येऊन काय करणार, हे अर्जात लिहावं लागतं. तो रकाना दोन ओळींत उरकू नका, कारण तो वाचून कारकून तुमच्याबद्दल मालकाशी बोलतो.

खरं सांगायचं तर चांगली घरं यादीत येतच नाहीत. देव्हाऱ्यासारखा बुत्सुदान घरात असतो, ओबोन या पूर्वजांच्या सणाला ऑगस्टमध्ये मुलं दोन दिवस येऊन जातात, आणि अनोळखी माणसाला घर द्यायचं म्हणजे पूर्वज दुसऱ्याच्या ताब्यात दिल्यासारखं मालकाला वाटतं. गावात भाड्याने राहणाऱ्या, सकाळी ओळखीने वाकणाऱ्या माणसाला तीच घरं विचारून मिळतात. घाई न करण्याचं हे आणखी एक कारण.

घर तपासताना

पावसात जा. कोरड्या दिवशी सगळी छपरं चांगलीच दिसतात. बरोबर विजेरी, लांब पेचकस, जाड बूट, तोंडाला फडकं आणि एक काचेची गोटी घ्या.

सुरुवात रस्त्यापासून. जपानी नियमाप्रमाणे घराची जागा किमान चार मीटर रुंदीच्या रस्त्याला किमान दोन मीटर लागून असावी लागते. नसेल तर जाहिरातीत ‘साइकेनचिकु-फुका’ असं लिहिलेलं असतं: हे घर पडलं तर त्या जागी नवं बांधता येणार नाही. अशी घरं स्वस्त असतात ती त्यामुळेच. छोटा मालट्रक दारापर्यंत येतो का तेही बघा. येत नसेल तर प्रत्येक कौल आणि सिमेंटची प्रत्येक गोणी पाठीवरून न्यावी लागेल, आणि मजुरी त्या हिशोबाने वाढेल.

मग लांब उभं राहून आढं बघा. आढ्याची रेघ सरळ हवी. मध्ये पोक आला असेल तर आतली तुळई कुजली आहे किंवा खांब खचला आहे. सरकलेली चार कौलं ही किरकोळ बाब. वाकलेलं आढं ही घर सोडून देण्याची बाब.

आत आल्यावर गोटी जमिनीवर ठेवा. सगळ्या खोल्यांत ती एकाच दिशेला घरंगळत असेल तर घर कलतं आहे. एखाद्याच खोलीत घरंगळली तर तिथली जमीनच खराब असेल, ते दुरुस्त होतं. कपाटाच्या वरची फळी सरकवून माळ्यावर डोकं घाला आणि पाण्याचे डाग शोधा. काळा, कोरडा डाग जुन्या गळतीचा. बोटाला ओल लागली तर गळती आजची.

सर्वांत महत्त्वाची जागा जमिनीखाली आहे. मालकाच्या परवानगीने तातामी, म्हणजे जमिनीवरची जाड चटई, उचला, खालची फळी काढा आणि विजेरी घेऊन आत वाका. जुन्या घरात, म्हणजे कोमिंकात, खांब पायात गाडलेले नसतात, दगडांवर नुसते टेकवलेले असतात. न्हाणीघराजवळचा आणि स्वयंपाकघराजवळचा खांब आधी गाठा, कारण पाणी तिथेच मुरतं. पेचकसाचं टोक खांबाच्या पायथ्याशी दाबा. चांगलं सुगी किंवा हिनोकी लाकूड टोकालाच अडवतं, हाताला टणकपणा कळतो. कुजलेल्या खांबात पेचकस आवाज न करता मुठीपर्यंत जातो आणि बाहेर काढला की त्याला ओलसर तपकिरी भुसा चिकटलेला असतो. दगडावरून वर चढणारी मातीची बोटभर नळी दिसली तर ती वाळवीची वाट. ती मोडून आत पांढरे किडे दिसतात का पाहा. रिकामी, ठिसूळ नळी जुनी असू शकते.

एवढं बघून घाबरून जायचं कारण नाही. दोन-चार खांबांचे पाय कुजलेले असणं जुन्या घरात नेहमीचं आहे आणि त्याची दुरुस्ती पुढे सांगते. सगळा उंबरठाच पोकळ वाजला तर परत फिरा.

पाणी कुठून येतं ते विचारा. डोंगराळ वस्त्यांत पुष्कळदा नगरपालिकेचा नळ नसतो. झऱ्यावर तोंड बांधून चार-पाच घरांत मिळून एक नळी आणलेली असते. त्या पाण्यावर तुमचा हक्क लागेल का, आणि पाऊस झाल्यावर तोंडाशी अडकलेला पालापाचोळा काढायला कोण चढतं, हे शेजाऱ्याला विचारा. चढणारे आजोबा ८२ वर्षांचे असतील तर पुढची पाळी तुमची.

संडासाचे तीन प्रकार आहेत. सार्वजनिक गटार असेल तर उत्तम. ‘जोकासो’ म्हणजे घराची स्वतःची सांडपाणी शुद्ध करणारी टाकी. तिची देखभाल आणि तपासणी दरवर्षी करून घेणं मालकावर बंधनकारक आहे. तिसरा ‘कुमितोरी’, म्हणजे खाली खड्डा आणि तो उपसायला येणारा टँकर. तसा असेल तर नवी जोकासो बसवायला साधारण दहा लाख येन धरा. यासाठी नगरपालिका बहुधा अनुदान देतात.

वीज १०० व्होल्टची असते. आपला मिक्सर आणि ओला ग्राइंडर तिथे नीट चालत नाही. त्यासाठी व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर लागेल किंवा यंत्र तिथलंच घ्यावं लागेल. जुन्या घरांत वीजजोडही बेताचाच असतो. इलेक्ट्रिक शेगडी आणि एसी एकदम लावायचे असतील तर तारा आणि जोड दोन्ही बदलावे लागतात.

शेवटी बांधकामाची तारीख. १ जून १९८१ पासून भूकंपाचे नवे नियम लागू झाले, आणि लाकडी घरांचे नियम २००० मध्ये आणखी कडक झाले. घर कधी पूर्ण झालं यापेक्षा त्याला बांधकाम मंजुरी कधी मिळाली हे मोजतात. १९८१ पूर्वीच्या लाकडी घरांची भूकंप-तपासणी अनेक नगरपालिका मोफत किंवा अल्प शुल्कात करून देतात. ती केल्याशिवाय सही करू नका. १ जानेवारी २०२४ च्या नोतो भूकंपात जुनी लाकडी घरं कशी जमीनदोस्त झाली ते साऱ्या जगाने पाहिलं आहे.

कागदपत्रं

‘होमुक्योकु’ या सरकारी कचेरीत कुठल्याही मालमत्तेचा नोंद-उतारा कुणालाही मिळतो. सातबारा बघायची सवय असलेल्या माणसाला तो वाचायला अवघड जात नाही: जागा कुणाच्या नावावर, बोजा कुणाचा. आजोबांच्या नावावरच राहिलेली घरं तिकडेही ढिगाने आहेत. १ एप्रिल २०२४ पासून वारसनोंद तीन वर्षांत करणं बंधनकारक झालं, आणि टाळल्यास एक लाख येनांपर्यंत दंड आहे. विकणाऱ्याच्या नावावर नोंद झालेली नसेल तर ती झाल्यावरच पुढे बोला. सगळ्या वारसांच्या सह्या गोळा करणं हे त्याचं काम आहे, तुमचं नाही.

घरासोबत कोणते तुकडे येतात ते नकाशावर बघा. शेतजमीन असेल तर गावच्या शेती समितीची परवानगी लागते. २०२३ पासून किमान क्षेत्राची अट गेली आहे, त्यामुळे छोटा तुकडाही घेता येतो, पण तो खरोखर कसणार आहात हे समितीला पटवावं लागतं. डोंगरातल्या वनजमिनीचा तुकडा आला तर ९० दिवसांत नगरपालिकेला कळवायचं. हद्दीचे दगड सापडत नसतील तर शेजाऱ्याला बरोबर घेऊन हद्द चालून या आणि जमलं तर त्याची सही घ्या.

व्यवहार दलालामार्फत होत असेल तर परवानाधारक माणूस ‘महत्त्वाच्या बाबींचं स्पष्टीकरण’ वाचून दाखवतो. ते जपानीत असतं, लांब असतं आणि मान डोलवत ऐकायची सवय घातक आहे. मसुदा आठवडाभर आधी मागा आणि जाणत्या माणसाकडून समजून घ्या. अकियाच्या करारात पुढे निघालेल्या दोषांना विकणारा जबाबदार नाही, असं कलम जवळजवळ नेहमी असतं. म्हणूनच वरची तपासणी सहीच्या आधी. मालकी नावावर चढवायला ‘शिहो-शोशी’ नावाचा नोंदणी-वकील नेमतात. त्याची फी वाचवायला जाऊ नका.

तुम्ही जपानचे रहिवासी नसाल तर खरेदीनंतर २० दिवसांत बँक ऑफ जपानमार्फत अर्थमंत्र्यांकडे अहवाल द्यावा लागतो, आणि कराची पत्रं घ्यायला देशातला प्रतिनिधी नेमावा लागतो.

पैशांचा हिशोब

अकियाला गृहकर्ज मिळणं कठीण, आणि कायम निवास नसेल तर फारच कठीण. रोखीचाच व्यवहार धरा. जुलै २०२४ पासून ८० लाख येनांपर्यंतच्या घरावर दलाल करासह ३ लाख ३० हजार येनांपर्यंत घेऊ शकतो. म्हणजे पाच लाखांच्या घरावर किमतीच्या निम्म्याहून जास्त दलाली लागू शकते, आणि ते कायदेशीर आहे. नोंदणी कर मूल्यांकनाच्या साधारण दीड ते दोन टक्के. खरेदीनंतर काही महिन्यांनी मालमत्ता-प्राप्ती कराचं वेगळं बिल येतं, ते बघून दचकू नका. वार्षिक मालमत्ता कराचा दर सहसा मूल्यांकनाच्या १.४ टक्के, आणि १ जानेवारीला जो मालक तोच वर्षाचा करदाता.

आगीचा विमा आधी घ्यावा लागतो, भूकंपाचा त्याला जोडूनच मिळतो. भरपाई आगीच्या विम्याच्या ३० ते ५० टक्क्यांपर्यंतच. जुन्या घराचा विमा मिळतो का, हे सही करण्यापूर्वी विचारून ठेवा.

भारतातून पैसे न्यायचे असतील तर रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलर पाठवता येतात आणि त्यातून परदेशात घर घेता येतं. दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. तो विवरणपत्र भरताना वळता होतो, पण तोपर्यंत तेवढे पैसे अडकतात. भारतात रहिवासी म्हणून विवरणपत्र भरत असाल तर परदेशी मालमत्तेच्या परिशिष्टात हे घर दाखवायलाच हवं. न दाखवल्यास दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. तीन लाखांचं पडीक घर म्हणून सूट नाही.

आणि माझं ठाम मत: दुरुस्तीसाठी वेगळे ५० लाख येन बाजूला नसतील तर कोमिंकाच्या वाटेला जाऊ नका. ऐंशी-नव्वदच्या दशकातलं साधं, दिसायला सामान्य घर बघा. ते सुंदर नसेल, पण राहायला लवकर तयार होतं.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने

आधी घर रिकामं करणं. मागच्या पिढीचे कपडे, गाद्या, भांडी, फोटो सगळं तिथेच असतं. ते मालकाने काढायचं की तुम्ही, हे करारात लिहून घ्या. बुत्सुदान मागे राहिला असेल तर स्वतः हात लावू नका. भिक्खूंना बोलावून पाठ करून घेतात, मगच तो हलवतात. मालकाला हे तुम्ही आपणहून सुचवलंत तर त्याला फार बरं वाटतं, आणि गावात गोष्ट पोचते.

मग छप्पर. पाणी आत येत असताना बाकी कशावरही येन खर्च करू नका. त्यानंतर खांबांचे पाय आणि वाळवीचं औषध. कुजलेला पाय बदलण्याचं काम जुने सुतार अजून करतात. शेजारच्या तुळईला जॅक लावून भार उचलतात, खांबाचा कुजका भाग कापतात, वरच्या निरोगी लाकडाला आणि खालच्या नव्या तुकड्याला एकमेकांत अडकणारे खाचेचे सांधे करतात, मध्ये पाचर ठोकतात आणि जॅक हळूहळू सोडतात. खिळा नसतो. वाकायामात किशू, म्हणजे याच भागातले, सुगी आणि हिनोकी जवळच पिकतात, त्यामुळे लाकूड मिळायला अडचण नाही. सुतार मिळायला आहे. म्हणून घर घेण्याआधी सुतार शोधा आणि जमलं तर घर दाखवायला त्यालाच न्या.

मातीच्या भिंती आपल्या कुडासारख्याच असतात, फक्त कारवीऐवजी बांबूच्या पट्ट्या. माती गळली असेल तर लगेच जिप्समचे पत्रे ठोकू नका. ती भिंत ओल घेते आणि सोडते. वर पत्रा बसला की ओल आत कोंडते आणि बुरशी धरते.

मोठं काम काढताना एक नवा नियम लक्षात ठेवा. एप्रिल २०२५ पासून दुमजली लाकडी घराच्या भिंती, खांब, तुळया, जमीन, छप्पर किंवा जिना यांपैकी कुठल्याही एका भागाचा निम्म्याहून जास्त हिस्सा नव्याने करायचा असेल तर बांधकाम मंजुरी लागते. फक्त वरची कौलं बदलणं, स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर नवं करणं यात येत नाही. रस्त्याची अट न पाळणाऱ्या घराला ही मंजुरी मिळणं अवघड, म्हणून ‘साइकेनचिकु-फुका’ घर आता पूर्वीपेक्षाही जोखमीचं झालं आहे. जुन्या पत्र्यांत आणि पट्ट्यांत ॲस्बेस्टॉस असू शकतं. काम सुरू होण्याआधी त्याची तपासणी प्रशिक्षित माणसाकडून करणं ठेकेदारावर बंधनकारक आहे. अनुदानाचा अर्जही काम सुरू करण्यापूर्वीच द्यायचा, नंतर दिलेला बहुतेक ठिकाणी घेत नाहीत.

पहिल्या हिवाळ्यासाठी सगळं घर उबदार करायचा नाद सोडा. जुनी घरं उन्हाळ्यासाठी बांधलेली असतात, फटींतून वारा वाहतो. एक खोली निवडा, तिच्या जमिनीखाली उष्णतारोधक थर घाला, खिडक्यांना आतून दुसरी खिडकी बसवा, आणि तिथेच झोपा, तिथेच जेवा. रॉकेलची शेगडी लावत असाल तर खिडकी मधूनमधून उघडा. उन्हाळ्यात मुकादे, म्हणजे विषारी गोमा, येतात. फटी बुजवणं, पालापाचोळा भिंतीपासून लांब ठेवणं, बूट झटकून घालणं हे रोजचं. परसात भाजी लावणार असाल तर रानडुकरं, हरणं आणि माकडं यांच्यासाठी कुंपण आधी आणि बियाणं नंतर.

गावात राहताना

राहायला गेल्यापासून १४ दिवसांत नगरपालिकेत नोंद करा, आरोग्य विमा आणि पेन्शनचं त्याच फेरीत उरकेल. त्याच आठवड्यात शेजारच्या घरांना एखादा पंचा किंवा खाऊ घेऊन भेटायला जा. गावाच्या समितीची वर्गणी असते. गवत कापण्याचे आणि पाट साफ करण्याचे दिवस ठरलेले असतात, सकाळी लवकर. त्या दिवशी हजर राहणं हे गावाच्या लेखी तुमच्या जपानीपेक्षा महत्त्वाचं आहे. यंत्र चालवता येत नसेल तर दाताळं घेऊन जा. येता येणार नसेल तर आधी सांगा. कचऱ्याचे वार आणि पिशव्या ठरलेल्या असतात आणि त्यातली चूक सगळ्यांना दिसते.

शाकाहारी असाल तर पहिल्याच जेवणाला सांगून टाका. भाजीच्या रश्शातही दाशी, म्हणजे माशाचा अर्क, असतो आणि तो त्यांना मांसाहार वाटतच नाही. नंतर सांगितलंत तर वाढणारीला उगाच अपराधी वाटतं. दारात कुणी मुळे किंवा संत्री ठेवून जाईल. काहीतरी करून परत द्या. नारळाच्या वड्या तिकडे आवडतात, साखर थोडी कमी घाला.

कधी सोडावं लागलं तर

हा विचार घेतानाच करायचा. जे घर आज तुम्हाला स्वस्तात मिळालं ते उद्या तुम्हालाही सहज विकता येणार नाही. घर पाडायचा खर्च अनेकदा खरेदीच्या किमतीपेक्षा जास्त येतो. २०२३ पासून नको असलेली जमीन सरकारला देण्याची योजना आहे, पण ती वारशाने आलेल्या जमिनीसाठी, आणि जमिनीवर घर उभं असेल तर अर्जच घेत नाहीत. तुमच्यामागे घर मुलांकडे गेलं तर तीन वर्षांत वारसनोंद करायची जबाबदारी त्यांच्यावर येते, मग ती पुण्यात असोत की तोक्योत. मालकी नावावर चढली की नोंद-उतारा, हद्दीचा नकाशा आणि शिहो-शोशीचा पत्ता यांच्या प्रती घरच्यांकडे पाठवा, कर कुठल्या खात्यातून जातो ते लिहून ठेवा, आणि मृत्युपत्र जपानी नोटरीकडे करून घ्या.